छोट्या कॉलेजात फिजिक्सची जागा भरायचीय? मग हे आधी वाचा

आमच्या तालुक्याच्या कॉलेजात फिजिक्सला दोनच माणसं, एक सर आणि एक मी. सर ३१ मेला रिटायर झाले, शाल-श्रीफळ झालं, ग्रुप फोटो झाला, आणि जूनमध्ये कॉलेज उघडलं तेव्हा टाइमटेबलवर सगळीकडे माझंच नाव. प्रिन्सिपल सर म्हणाले, "मॅडम, जागा भरायचं तेवढं बघा तुम्ही." आता बघा म्हणजे नेमकं काय बघा हे त्यांनाही माहीत नव्हतं, कारण आमच्याकडे शेवटची भरती झाली तेव्हा ते स्वतःच उमेदवार होते. नवा माणूस वर्गावर उभा राहीपर्यंत चौदा महिने गेले आणि त्यातले निदान पाच माझ्या अज्ञानामुळे गेले, ते तुमचे जाऊ नयेत म्हणून हे लिहितेय.

मी लिहितेय ते महाराष्ट्रातल्या अनुदानित सिनियर कॉलेजबद्दल. विनाअनुदानित असाल तर एनओसी (पद भरायची शासनाची ना हरकत) आणि पगाराचा भाग सोडून द्या, बाकी सगळं लागू आहे. आणि एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून ठेवते, ही सगळी प्रोसेस कागद तपासते. हा माणूस शिकवू शकतो का, लॅबमध्ये हात चालतो का, हे तपासायला त्यात जागा असते पण ती आपोआप मिळत नाही, तुम्हाला मागून घ्यावी लागते.

१. वर्कलोड आधी, बाकी सगळं नंतर

पद रिकामं झालं म्हणजे ते आपोआप भरता येतं असं मला वाटायचं. तसं नसतं. त्या पदाला पुरेल इतका वर्कलोड, म्हणजे आठवड्याचे शिकवायचे तास, आज आहे का हे आधी दाखवावं लागतं. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांप्रमाणे असिस्टंट प्रोफेसरला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन. थिअरी, प्रॅक्टिकलच्या बॅचेस, सगळं धरून तक्ता करायचा आणि विद्यापीठाकडून, सहसंचालक ऑफिसकडून तपासून घ्यायचा.

इथे मी पहिली चूक केली. २०२४-२५ पासून संलग्न कॉलेजांना एनईपी, म्हणजे नवं शैक्षणिक धोरण, लागू झालं आणि मेजर-मायनरशिवाय ओपन इलेक्टिव्ह (दुसऱ्या शाखेचा विषय), व्हीएससी (व्यावसायिक कौशल्य), एसईसी (कौशल्यवाढ) असे डबे वाढले, मी जुन्याच फॉरमॅटमध्ये फक्त फिजिक्सचे मेन पेपर भरले आणि तास कमी दिसले. व्हीएससीची प्रॅक्टिकल्स आमचीच, ओपन इलेक्टिव्हला आर्ट्सची पोरं येतात ते तासही आमचेच, पण कागदावर ते कुणाच्याच नावावर नव्हते. तक्ता परत आला, दीड महिना गेला. तर टाइमटेबल समोर ठेवा आणि फिजिक्सचा माणूस जिथे जिथे उभा राहतो तो प्रत्येक तास मोजा.

प्रवेशाचे आकडेही सोबत लागतात. तुमच्याकडे टीवायला फिजिक्स घेणारी पोरं कमी असतील (छोट्या कॉलेजात असतातच, सगळ्यांना केमिस्ट्री हवी) तर बॅचेस कशा पाडल्यात ते नीट लिहा.

२. रोस्टर आणि एनओसी

रोस्टर म्हणजे बिंदुनामावली. कुठलं पद कुठल्या प्रवर्गाला जाणार हे त्यातून ठरतं. ते विद्यापीठाच्या मागासवर्ग कक्षाकडून आणि मग विभागीय आयुक्त कार्यालयाच्या मागासवर्ग कक्षाकडून तपासून घ्यावं लागतं. जुन्या लोकांच्या डोक्यात अजून विषयवार हिशोब असतो, "फिजिक्सची मागची जागा ओपन होती म्हणजे आता रिझर्व्ह." आता संवर्गवार धरतात, म्हणजे कॉलेजातली असिस्टंट प्रोफेसरची सगळी पदं एकत्र. त्यामुळे फिजिक्सची जागा कुठल्या प्रवर्गात पडते हे बॉटनीत कोण रिटायर झालं यावरही अवलंबून असू शकतं. एचओडीने (विभागप्रमुखाने) यात फार डोकं घालू नये, ते ओएसचं (ऑफिस सुपरिंटेंडेंटचं) काम, पण रोस्टर शेवटचं कधी तपासलंय एवढं त्यांना आजच विचारा. आमचं सहा वर्षं तपासलेलंच नव्हतं.

मग पद भरायची शासनाची ना हरकत. ही तुमच्या हातात नाही. शासन काही वर्षांनी ठराविक संख्येने पदं मोकळी करतं, नोव्हेंबर २०२१ मध्ये २०८८ पदांना परवानगी आली होती तशी, आणि त्या वेळी ज्यांचे कागद तयार असतात त्यांचा नंबर लागतो. परवानगी येईल तेव्हा बघू म्हणून बसू नका.

तोपर्यंत सीएचबीवर माणूस घ्याल, म्हणजे तासिका तत्त्वावर. तिथे पण जाहिरात, मुलाखत, मान्यता सगळं असतंच. त्याबद्दल पुढे बोलते, कारण तो विषय नाजूक आहे.

३. जाहिरात

मसुदा विद्यापीठाकडून मंजूर करून घ्यायचा, मग पेपरात द्यायचा. आम्ही एक मराठी आणि एक इंग्रजी पेपर घेतला. ओळी थोड्या असतात आणि पैसे सेंटिमीटरवर जातात म्हणून संस्था काटछाट करते, पण या गोष्टी कापू देऊ नका:

- विषय, पदाचा प्रवर्ग, पूर्णवेळ की कसं
- पात्रता यूजीसी, शासन आणि विद्यापीठाच्या नियमांनुसार, हे वाक्य
- अर्जाची शेवटची तारीख (कॅलेंडर बघून, आमची रविवारी आली होती आणि पोस्टाने आलेल्या तीन अर्जांवरून वाद झाला)
- राखीव पद असेल तर अर्जाची एक प्रत विद्यापीठाच्या मागासवर्ग कक्षाला पाठवायची सूचना

"इलेक्ट्रॉनिक्स स्पेशलायझेशन असल्यास प्राधान्य" असलं काही मंजूर मसुद्यात नसेल तर पेपरात घुसवू नका. जाहिरात पुन्हा काढावी लागते.

पेपरातली जाहिरात तरुण पोरं बघतच नाहीत. मंजूर जाहिरातीचा फोटो जवळच्या विद्यापीठांच्या फिजिक्स डिपार्टमेंटला पाठवा, तिथल्या पीएचडीच्या पोरांचे ग्रुप असतात, आमच्याकडे निम्म्याहून जास्त अर्ज तिथून आले.

४. छाननी, इथेच सगळे सापळे आहेत

फिजिक्सच्या उमेदवाराची पात्रता थोडक्यात अशी. एमएस्सीला ५५ टक्के, राखीव प्रवर्गाला आणि दिव्यांगांना ५० चालतात. वर नेट किंवा सेट, म्हणजे प्राध्यापकपदाची देशपातळीवरची किंवा राज्याची पात्रता परीक्षा. फिजिक्सची नेट सीएसआयआरची, विषय फिजिकल सायन्सेस. सेट आपल्याकडे महाराष्ट्र आणि गोव्यासाठी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं. पीएचडीच्या जोरावर नेट-सेटमधून सूट मागणारा असेल तर पीएचडी यूजीसीच्या नियमांप्रमाणे झाल्याचं त्याच्या विद्यापीठाचं सर्टिफिकेट मागा, तोंडी नको.

आता सापळे.

एक, विषय. एमएस्सी फिजिक्स आणि सेट मात्र इलेक्ट्रॉनिक सायन्समध्ये, असे दोन अर्ज आमच्याकडे होते. माणसं हुशार होती, पण नेट-सेट संबंधित विषयातच लागते. उलटं पण असतं, एमएस्सी इलेक्ट्रॉनिक्स आणि अर्ज फिजिक्सला. अशा वेळी स्वतः निर्णय घेऊ नका, विद्यापीठाला लेखी विचारा.

दोन, नेटचं नवं मार्कलिस्ट. २०२४ पासून नेटचा निकाल तीन प्रकारे लागतो: जेआरएफसह (संशोधनाच्या फेलोशिपसह) असिस्टंट प्रोफेसर, असिस्टंट प्रोफेसर आणि पीएचडी प्रवेश, आणि तिसरा फक्त पीएचडी प्रवेश. हा तिसरा लेक्चररशिपला चालत नाही. उमेदवार अर्जात "नेट क्वालिफाइड" एवढंच लिहितो, खोटं नसतं ते, पण स्कोअरकार्डावरची ओळ वाचल्याशिवाय टिक करू नका. गेट ही वेगळी परीक्षा, ती पास असणं म्हणजे नेट नाही, हेही एकदा सांगावं लागलं मला, आणि तेही उमेदवाराला नाही, आमच्याच छाननी कमिटीतल्या एका सरांना.

तीन, नावं. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींचे कागद दोन नावांवर असतात. गॅझेट किंवा मॅरेज सर्टिफिकेट मागून घ्या. या कारणावरून अर्ज बाद करू नका, त्रुटी म्हणून कळवा.

चार, सीजीपीए. त्यावरून टक्के काढायचं विद्यापीठाचं सूत्र सोबत नसेल तर मनाने दहाने गुणू नका.

मग येतं मार्कांचं टेबल. यूजीसीच्या नियमांत कॉलेजसाठी ३ बी आहे, विद्यापीठांसाठी ३ ए, आणि लोक हमखास चुकीचं उघडतात. ३ बी मध्ये बीएस्सीला ८० च्या वर असेल तर २१, ६० ते ८० ला १९. एमएस्सीला ८० च्या वर २५, ६० ते ८० ला २३. पीएचडीला २५. जेआरएफला १०, नुसती नेट ८, सेट ५. पेपरना प्रत्येकी २, पण जास्तीत जास्त ६. अनुभवाला वर्षाला २, जास्तीत जास्त १०, आणि वर्षाहून कमी असेल तर त्या प्रमाणात. पुरस्काराला ३ पर्यंत.

हे टेबल काय करतं ते एका उदाहरणावरून कळेल. समजा एक मुलगी, बीएस्सीला ७८ टक्के, एमएस्सीला ६६, सेट, चार वर्षं शिकवलंय. १९ अधिक २३ अधिक ५ अधिक ८, झाले ५५. दुसरा मुलगा, बीएस्सी ६२, एमएस्सी ६१, सेट, पीएचडी, तीन पेपर, वर्गावर एक दिवस उभा राहिलेला नाही. १९, २३, ५, २५, ६, म्हणजे ७८. बीएस्सीतला सोळा टक्क्यांचा फरक टेबलात दिसतच नाही, आणि चार वर्षांची खडूची धूळ तीन पेपरांपेक्षा फक्त दोन मार्कांनी जड. मी टेबलाला शिव्या देत नाहीये, कुठलंतरी टेबल लागणारच, पण यूजीसीच्या नियमांत हे मार्क मुलाखतीला कुणाला बोलवायचं यासाठी आहेत आणि किती जणांना बोलवायचं ते कॉलेजने ठरवायचंय. तेव्हा चौघांवर थांबू नका. आम्ही बारा जणांना बोलावलं आणि निवडलेला माणूस यादीत नववा होता. (निवडीच्या मार्कांबद्दल राज्याचे जीआर मधूनमधून येत असतात, तुमच्या जाहिरातीच्या तारखेला कुठला लागू होता तो फाइलला लावा.)

छाननीच्या फाइलला लागणारे कागद, उमेदवारागणिक: दहावीचं सर्टिफिकेट जन्मतारखेसाठी, बीएस्सी-एमएस्सीच्या सगळ्या सेमिस्टरच्या मार्कशीट आणि पदवी, नेट/सेटचं प्रमाणपत्र, पीएचडी असेल तर पदवी किंवा नोटिफिकेशन, अनुभवाचं पत्र आणि त्याला जोडलेली विद्यापीठ मान्यता, पेपरांची पहिली पानं, जातीचा दाखला, जात वैधता, लागू असेल तिथे नॉन क्रीमी लेयर, आणि आधीच नोकरीत असेल तर तिथली एनओसी. अनुभवाच्या पत्राला मान्यता जोडलेली नसेल तर तो अनुभव धरायचा की नाही हे अर्ज उघडायच्या आधी ठरवून लिहून ठेवा. नंतर ठरवलंत तर कुणाचं तरी नाव डोळ्यासमोर ठेवून ठरवलं असंच दिसतं.

५. कमिटी जमवणं

कमिटीत संस्थेचे अध्यक्ष किंवा त्यांचे प्रतिनिधी, प्रिन्सिपल, एचओडी म्हणून तुम्ही, कुलगुरूंचे दोन प्रतिनिधी (त्यातला एक विषयतज्ज्ञ), बाहेरचे दोन विषयतज्ज्ञ, आणि उमेदवारांत मागासवर्गीय, महिला, दिव्यांग वगैरे कुणी असेल तर त्या घटकाचे प्रतिनिधी. अनुदानित असेल तर उच्च शिक्षण संचालकांचे प्रतिनिधीही. कोरम पाच जणांचा आणि त्यात निदान दोन विषयतज्ज्ञ हवेत.

हे "निदान दोन विषयतज्ज्ञ" आमच्या मानेवर बसलं होतं. मुलाखतीच्या दिवशी सकाळी साडेसातला एका तज्ज्ञांचा फोन, ताप आहे, येत नाही. दुसऱ्यांची गाडी घाटात बंद. बारा उमेदवार बाहेर बसलेले, कुणी रात्रीच्या एसटीने आलेलं. शेवटी आमच्या लॅब असिस्टंटचा मेव्हणा गाडी घेऊन घाटात गेला आणि सर साडेअकराला पोचले. आदल्या दिवशी दुपारी आणि रात्री दोन्ही वेळा फोन करा, तज्ज्ञांना मुक्कामाला बोलावता आलं तर उत्तमच.

६. डेमो आणि लॅब

यूजीसीच्या नियमांतच लिहिलंय की शिकवण्याची क्षमता वर्गात लेक्चर घ्यायला लावून तपासता येते. तो पॅरा प्रिंट काढून प्रिन्सिपलना आणि संस्थेला आठवडाभर आधी दाखवा, म्हणजे ऐनवेळी "वेळ नाही, नुसते प्रश्न विचारू" असं होत नाही. सगळ्यांना सारखाच वेळ, सारखंच काम, आणि मार्कांचा कागद आधी छापलेला. हे सांभाळलंत तर कुणाला बोट दाखवायला जागा राहत नाही.

डेमोला उमेदवाराच्या आवडीचा विषय देऊ नका. दिला की पीएचडीचा पीपीटी सुरू होतो. आम्ही चिठ्ठ्या केल्या, सगळे एफवायचे विषय: लिफ्ट सुटून खाली पडली तर वजनकाटा काय दाखवेल, कपॅसिटर रेझिस्टन्समधून चार्ज होताना करंट कमी का होत जातो, असले. पंधरा मिनिटं, खडू आणि फळा, आणि समोर खरी एसवायची वीस पोरं. कमिटीतल्या लोकांसमोर सगळेच छान बोलतात, पोरांसमोर कळतं. आमची पोरं मराठी मीडियमची, अकरावीला अचानक इंग्रजीत आलेली. एकाने सुंदर इंग्रजीत टाइम कॉन्स्टंट समजावला आणि शेवटी कुणाला काही शंका, तर सगळे गप. पुढच्या मुलाने फळ्यावर बादली काढली, नळ काढला, बादली भरत आली की धार कशी बारीक होते असं काहीतरी म्हणाला आणि स्वतःच थांबला, "नाही, हे उदाहरण चुकतंय, नळाची धार बारीक होत नाही," पुसलं, मग दोन टाक्या खालून पाइपने जोडल्या आणि पातळी सारखी होत आली की प्रवाह मंदावतो असं दाखवलं. मी तिथेच त्याला मनात मार्क देऊन टाकले. स्वतःची चूक फळ्यावर पुसणारा मास्तर सापडत नाही हो सहज.

मग लॅब. दहा मिनिटं फक्त. स्पेक्ट्रोमीटर, ग्रेटिंग, सोडियम लॅम्प. लॅम्प मुद्दाम बंद ठेवलेला. सोडियम लॅम्प लावला की आधी लालसर दिसतो, पिवळा व्हायला काही मिनिटं लागतात. ज्याने हे काम केलंय तो लॅम्प आधी लावतो आणि तो तापेपर्यंत आयपीस, क्रॉसवायर बघत बसतो. ज्याने फक्त जर्नल लिहिलंय तो लाल उजेड बघून म्हणतो, "मॅडम, लॅम्प खराब आहे." तिघे म्हणाले. पुढे बघायचं ते एवढंच: दोन्ही व्हर्निअर वाचतो का एकच, लीस्ट काउंट विचारायच्या आधी स्वतः काढतो का, आणि इंचाला १५,००० रेषांच्या ग्रेटिंगला पहिल्या ऑर्डरचा कोन वीस अंशांच्या आसपास यायला हवा हा अंदाज आहे का. एकाने बावन्न अंश रीडिंग लिहिलं आणि शांतपणे पुढे गेला.

पीएचडीवाल्यांसाठी माझा एक ठरलेला प्रश्न आहे. आपल्याकडे थिन फिल्म, फेराइट, सुपरकॅपॅसिटर करणारे खूप, सगळ्यांच्या थिसिसमध्ये एक्सआरडी (क्ष-किरण विवर्तन) असतं आणि १.५४ अँगस्ट्रॉम ही तरंगलांबी असते. मी विचारते, हे १.५४ कुठून आलं? तांब्याची के-अल्फा रेषा, एवढंच उत्तर. आणि शेररच्या सूत्रात (पीकच्या रुंदीवरून कणांचा आकार काढतात ते) पीकची रुंदी अंशांत टाकलीत की रेडियनमध्ये? हसू नका, पाच वर्षं ते सूत्र वापरलेली माणसं इथे अडकतात. अडकलं तर वाईट नाही, पुढे काय करतो ते बघा. जो "बघून सांगतो" म्हणतो आणि कागदावर युनिट मांडायला लागतो तो चालेल.

छोट्या कॉलेजसाठी अजून एक विचारा: सातशे एकेचाळीसचा आयसी (ऑप-अँपची चिप) गेला आणि सप्लायर आठ दिवसांनी येणार, उद्या बॅच आहे, काय कराल? आपल्याकडे कुणी इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक नसतो. त्या माणसालाच सोल्डरिंग गन धरायचीय.

आता सीएचबीचं. आमच्याकडे तीन वर्षं तासिका तत्त्वावर असलेले एक सर उमेदवार होते. त्या दिवशी सकाळी लॅब त्यांनीच उघडली, सवयीने, टेबलं पुसली, आणि मग बाहेर जाऊन खुर्चीवर चौथ्या नंबरला बसले. मला फार लाज वाटली. तुमच्याकडे असं कुणी असेल तर जाहिरातीचं तुम्ही स्वतः सांगा, त्या दिवशी त्यांना कुठलंही काम लावू नका, आणि लॅबमधला सेट बदला, कारण रोजच्या स्पेक्ट्रोमीटरवर त्यांना फायदा आणि बाकीच्यांना तोटा. आम्ही ज्युनियर कॉलेजचा मागून आणला. निकाल काय लागणार याचं आश्वासन कुणी देऊ नये, चांगल्या मनाने सुद्धा.

आणि फोन येतात. "आपला माणूस आहे, जरा बघा." कधी फोनमागे फोनपेक्षा जड काहीतरी असतं, सगळ्यांना माहीत आहे, मी उगाच सभ्यपणा करत नाही. एचओडीच्या हातात एकच हत्यार: मार्कांचा कागद त्याच खोलीत, त्याच दिवशी, पेनाने भरा, सही करा, खाडाखोड असेल तर तिथेही सही, आणि अहवाल सील व्हायच्या आधी सगळ्या सह्या झाल्यात का ते बघा. पेन्सिलीने भरू नका. "नंतर फेअर करू" म्हणणाऱ्याला फेअर करू देऊ नका.

७. निवड झाल्यावरचे कागद

अहवाल, प्रतीक्षा यादी, संस्थेचा ठराव, नेमणुकीचं पत्र, रुजू अहवाल, विद्यापीठाची मान्यता, मग सहसंचालकांकडे वेतननिश्चिती आणि सेवार्थला (शासनाच्या ऑनलाइन पगार प्रणालीत) नाव. पगार सातव्या वेतनात लेव्हल १० ला ५७,७०० मूळ वेतनापासून सुरू. प्रतीक्षा यादी करायला विसरू नका, पहिला माणूस दुसरीकडे जातो, छोट्या गावात यायला घरचे तयार नसतात.

निवडलेल्याला खरं सांगा: मान्यता आणि सेवार्थ होईपर्यंत पगार हातात येणार नाही, महिने जातात, नंतर फरक मिळतो. आमच्या नव्या सरांनी जुनी नोकरी सोडून खोली भाड्याने घेतली आणि पाच महिने वडिलांकडून पैसे मागवले. मी आधी सांगितलं असतं तर निदान त्यांनी तयारी केली असती.

८. पहिला महिना

वर्कलोड दिला, आयकार्ड दिलं, आता लगेच लोक एक काम करतात, डेड स्टॉक रजिस्टर (लॅबच्या वस्तूंची नोंदवही) नव्या माणसापुढे सरकवतात आणि सही घेतात. आमच्या रजिस्टरला सतरा स्टॉपवॉच आहेत. कपाटात अकरा. बॅलिस्टिक गॅल्व्हानोमीटर दोन लिहिलेत, एकाची नुसती पेटी आहे. नवीन माणसाला कपाटांच्या चाव्या द्या, दोन शनिवार बसून लॅब असिस्टंटबरोबर एकेक वस्तू मोजू द्या, तुटीची यादी जुन्या लोकांच्या सहीने वेगळी करा आणि मगच त्यांची सही घ्या.